एका ताटाची मजुरी

४ सप्टेंबर

ठकू,

पाकिटावर तुझ्या शिवणकामाच्या दुकानाचा पत्ता टाकते आहे, म्हणजे तू घर बदललं असलंस तरी पत्र पोचेल. उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. दोन वर्षं दिलं नाहीस म्हणून मी काही वाळले नाही. उलट दोन किलो चढलेच आहेत.

लिहायचं कारण म्हणजे घर विकायचं चाललंय.

तुझ्या भावोजींनी शहराबाहेर एक वसाहत बघून ठेवली आहे, निवृत्त माणसांसाठी. लिफ्ट आहे, बाग आहे, डॉक्टर रोज चक्कर मारतो. फक्त स्वयंपाकघर नाही. खोलीत एक किटली आणि दोन कप. जेवायला खाली मोठ्या हॉलमध्ये जायचं, कूपन द्यायचं, ताट घ्यायचं. मी विचारलं, "आणि कोणी आलं तर?"

"पाहुण्यांचं वेगळं कूपन असतं," ते म्हणाले. "आधी कळवावं लागतं, एवढंच."

तुला कूपन! आईबाबांचं घर गेल्यापासून तुला माहेर म्हणून जे काही उरलंय ते या तीन खोल्या आणि माझं स्वयंपाकघर. तू इथे येत नाहीस ही गोष्ट वेगळी. न येण्यासाठीसुद्धा घर असावं लागतं.

मी नाही म्हटलं. घर दोघांच्या नावावर आहे, माझ्या सहीशिवाय विकता येत नाही. आठवडाभर आमचं एकमेकांशी बोलणं म्हणजे "चहा", "झाला", "दार लाव" इतकंच. मग एके सकाळी ते म्हणाले, "भांडण नको. हिशोब करू." तुला माहीतच आहे, जन्मभर बिस्किटांच्या कारखान्यात कॉस्टिंग केलेला माणूस. एका पुड्याला मैदा किती, साखर किती, वीज किती, तुटलेली किती, हे काढण्यात त्यांचे केस पांढरे झाले. तर आता असं ठरलंय: महिनाभर घरी जेवायचं, महिनाभर बाहेर. एका ताटामागे खर्च काढायचा. घरचं स्वस्त पडलं तर घर राहील आणि विषय कायमचा बंद. बाहेरचं स्वस्त पडलं तर मी मुकाट्याने सही करायची. दोन नोव्हेंबरला वसाहतीच्या ऑफिसातल्या बाई कागद घेऊन येणार आहेत.

मी हसत हसत हो म्हटलं. बाहेरचं जेवण घरच्यापेक्षा स्वस्त पडतं असं कधी कोणी ऐकलंय का?

उन्हाळ्यात मी जरा पडले होते, त्याचं हे सगळं निमित्त. किरकोळ होतं.

तुझी ताई


१२ सप्टेंबर

ठकू,

घरात वजनकाटा आला आहे. माझ्या ओट्यावर, डब्यांच्या शेजारी, एखाद्या जावयासारखा बसून आहे. कांदा सोलायच्या आधी वजन, सोलल्यावर वजन. काल मी सालं टोपलीत टाकायला निघाले तर म्हणाले, "थांब, नासाडी लिहायची राहिली."

"सालं खातं का कोणी?"

"खात नाही. पण पैसे तर देतो ना त्यांचे?"

सालांचे पैसे आपण जन्मभर दिले हे मला साठीत कळलं.

दूध उतू गेलं की लिहायचं. गॅस किती वेळ पेटला ते लिहायचं. मुलाचा फोन आला होता, त्याला सांगितलं तर तो खो खो हसला. "आई, करू दे गं बाबांना. आणि हरलीस तर बरंच की! आराम कर आता." सूनबाई मागून म्हणाली, "हो ना आई, किती करणार तुम्ही?" सगळे इतक्या मायेने मला स्वयंपाकघरातून बाहेर काढतायत की कोणावर रागवावं तेच कळत नाही.

एक सांगू? मी जरा चलाखी करते आहे. या आठवड्यात चारदा मसूर शिजवले. लोणी बंद केलं. काल तुझे भावोजी ताटाकडे बघत म्हणाले, "आज पुन्हा हेच?"

"पौष्टिक असतात."

"स्वस्तही असतात," ते म्हणाले, आणि मुकाट्याने जेवले. माणूस सरळ आहे, ठकू. तू त्यांना दोन वर्षांपूर्वीची एकच संध्याकाळ धरून जोखतेस. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "भावोजी, आपलं ताट आपण उचलायला काय होतं?" आणि ते म्हणाले, "पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं." दोघंही एकेक वाक्य बोललात आणि दोघंही आपापल्या वाक्यावर बसलात. सकाळी मी उठले तर तुझं अंथरूण घडी घातलेलं, अगदी आपल्या मिशनच्या शाळेच्या हॉस्टेलमध्ये सिस्टर तपासायच्या तसं, कोपऱ्याला कोपरा लावून. त्या घडीवर मी किती वेळ हात ठेवून बसले होते ते तुला कोणी सांगितलं नसेल.

हॉस्टेलमधल्या जेवणाच्या हॉलची हल्ली फार आठवण येते. लांब टेबलं, कोणी बोलायचं नाही, एक मोठी मुलगी उभी राहून वाचायची आणि आपण खायचं. तू टेबलाखालून मला लाथ मारायचीस. मी कधी ओरडले नाही. नडगीवर निळे डाग घेऊन आठवडाभर हिंडायचे. ती लाथ म्हणजे तू माझ्याशी बोलत असायचीस ना?

तुझी ताई


३० सप्टेंबर

ठकू,

घरचा महिना संपला. ताटामागे अडतीस.

आकडा सांगताना तुझे भावोजी चष्मा पुसत होते. "चांगला आहे," म्हणाले. "फारच चांगला आहे." कारखान्यात एखादा पुडा स्वस्तात निघाला की ते असंच म्हणत असतील. मला उगाचच शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. सिस्टर वहीवर तारा काढायच्या तसं. आणि लगेच त्या वाटण्याचा थोडा राग आला. का ते सांगता येत नाही.

उद्यापासून बाहेर. कोपऱ्यावरच्या खानावळीत दोन्ही वेळचं बोलून ठेवलंय. आज शेवटची भांडी घासली, ओटा पुसला, सिंक पुसलं. सिंक इतकं कोरडं मी आजवर पाहिलं नव्हतं.

तुझी ताई


८ ऑक्टोबर

ठकू,

दिवस फार लांब असतो. तुला माहीत होतं?

सकाळी चहा होतो आणि मग पुढे काहीच नाही. दहा वाजले की पाय आपोआप स्वयंपाकघराकडे जातात. तिथे जाऊन मी उभी राहते. डब्यांची झाकणं घट्ट आहेत का बघते. पुन्हा बाहेर येते. खिडकी उघडते, बंद करते. काल कपाट आवरायला काढलं आणि अर्धं आवरून तसंच टाकलं. तुझे भावोजी पेपरामागून म्हणाले, "अगं, एका जागी बस ना. पिंजऱ्यातल्यासारखी काय फिरतेस?"

"बसून काय करू?"

"लोक काय करतात?"

लोक काय करतात ते मला खरंच ठाऊक नाही.

खानावळ तुला आवडेल. आठ टेबलं, स्वच्छ पुसलेली, भिंतीवर एक घड्याळ आणि "उधारी बंद" अशी पाटी. गल्ल्यावर मालकीणबाई बसतात. धिप्पाड बाई, आवाज असा की रस्त्यावरचा माणूस जेवण झालेलं असलं तरी आत येईल. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काय आवडतं, बाई?"

मी म्हटलं, "यांना तिखट कमी लागतं."

"यांचं कळलं. तुमचं विचारतेय."

मी विचार करत राहिले. मुलाला बटाटे लागायचे, सासऱ्यांना सगळं मऊ लागायचं, तुला काठावर करपलेलं आवडायचं. माझं काही आठवेना. मागे गिऱ्हाईक ताटकळलं. मालकीणबाई म्हणाल्या, "सावकाश सांगा. महिनाभर आहात ना?"

घरी येऊन मी तास दीड तास त्याच विचारात होते. एवढी शाळा शिकले, चार विषयांत पहिली आले आणि हा प्रश्न आला नाही.

ताटामागे साधारण पंचावन्न पडतंय. म्हणजे मीच जिंकणार. काळजी नसावी.

तुझी ताई


१७ ऑक्टोबर

ठकू,

बाहेरचं जेवण मला अजिबात मानवत नाही. भाजीत तेल जास्त, भात कधी कधी फडफडीत. हे आधी लिहून ठेवते.

गुरुवारी त्यांच्याकडे मासे असतात. खिडकीजवळचं टेबल आता आमचंच आहे, दुसरं कोणी बसलं तर मालकीणबाई त्यांना उठवतात. ताट येतं ते गरम. ठकू, वाफ येत असते त्यातून. सगळ्यांचं वाढून होईपर्यंत थांबायचं नाही, मधे कोणाला काही आणून द्यायला उठायचं नाही. पहिल्यांदा माझी जीभ पोळली. तू शिवलेला निळा ब्लाउज होता ना, बाहूवर बारीक टिपेचा, तो काल घातला. खानावळीत जायला. तुझे भावोजी म्हणाले, "आज काय विशेष?" म्हटलं, "काही नाही, बाकीचे धुवायला आहेत." धुवायला नव्हते.

दुपारी लायब्ररीत जाते. तिथल्या बाईंनी ओळखीचं हसायला सुरुवात केली आहे.

पण मन थाऱ्यावर नाही. रात्री कूस बदलत राहते. दोन्ही बाजूंनी घालमेल होते बघ: घर गेलं तर तू कुठे येशील म्हणून, आणि घर राहिलं तर एक तारखेपासून पुन्हा कांदा, म्हणून. हे दुसरं मी तुलाच लिहिलंय. शाळेत पत्राचं पाकीट उघडं ठेवून सिस्टरकडे द्यावं लागायचं, त्या वाचून मगच टपालात टाकायच्या. तेव्हापासून मला पत्रात सगळं बरं आहे असंच लिहायची सवय. तर आता लिहिते. उन्हाळ्यात मी पडले ते किरकोळ नव्हतं. शेगडीसमोर चक्कर आली, डोकं ओट्याच्या कडेला आपटलं, सहा टाके पडले. केसांखाली आहेत, दिसत नाहीत.

तरी डाव जिंकल्यात जमा आहे. अडतीस कुठे आणि पंचावन्न कुठे.

तुझी ताई


२३ ऑक्टोबर

ठकू,

दोन वर्षांनी तुझं कार्ड आलं. दारातच उभी राहून वाचलं. वाचायला होतं काय म्हणा! ना प्रिय, ना ताई, ना कशी आहेस. मधोमध तीन शब्द: "मजुरी कुठे लिहिलीस?"

बाई गं, तुझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच, लेखणीलाही नाही. दिवसभर मी तुझ्यावर धुमसत होते. डोक्याला सहा टाके पडल्याचं कळवलं तर बहीण मजुरी विचारते! तुझा धंदाच तसा. कापड गिऱ्हाइकाचं, अस्तर गिऱ्हाइकाचं, तू पैसे घेतेस ते फक्त तुझ्या हातांचे. तुला सगळीकडे तेच दिसणार.

संध्याकाळी खानावळीतून परत येताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या हिशोबात मजुरी कुठे असते हो?"

"असते ना. माल, मजुरी, वरखर्च. तीन रकाने."

"मग आपल्या अडतीसमध्ये मजुरी किती?"

ते चालता चालता थांबले. थट्टा करत नाही, खरंच थांबले. रस्त्याच्या मधोमध. एका सायकलवाल्याने शिव्या घातल्या. "कारखान्यात मजुरीचा आकडा आम्ही काढत नसू," ते म्हणाले. "तो दुसऱ्या खात्याकडून यायचा. वेतन विभागाकडून. आम्ही फक्त उतरवून घ्यायचो."

"आणि इथे?"

"इथे कोणी पाठवलाच नाही."

यात कपट नव्हतं, ठकू. कपट असतं तर मी भांडले असते. चाळीस वर्षं ते ज्या रकान्यात दुसऱ्याने पाठवलेला आकडा लिहायचे, तो इथे पाठवणारं खातंच नव्हतं, म्हणून रकाना रिकामा राहिला. आणि रिकाम्याची बेरीज शून्य धरली गेली.

आता माझी पंचाईत बघ. शून्य राहू दिलं तर घर राहतं. आकडा भरला तर घर जाईल. तुझं माहेर वाचवायचं तर मी सही-शिक्क्यानिशी मान्य करायचं की माझ्या हाताची किंमत काही नाही. जिंकलेला डाव तू तीन शब्दांत नासवलास. गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?

मी अजूनही गप्प बसू शकते. हे म्हणाले, "बघ बाई, तू सांगशील तसं." आणि विषय तिथेच सोडला. त्यांनी सोडला. मला सुटत नाहीये.

ताई


२७ ऑक्टोबर

ठकू,

आज मी खानावळीत अर्धा तास आधी गेले. एकटीच. मालकीणबाईंना विचारलं, "तुमच्या स्वयंपाक्याला काय देता?"

त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "का? नोकरी शोधताय?"

"समजा शोधतेय."

"वय?"

"एकसष्ट."

"अनुभव?"

"एकोणचाळीस वर्षं."

"कुठे?"

"एकाच ठिकाणी."

"आणि सोडलं का?"

"सोडलं नाही. महिनाभर रजेवर आहे."

अशा हसल्या की आतून स्वयंपाकी डोकावला. मग त्या गंभीर झाल्या आणि बोटांवर सांगत गेल्या. तासाला चाळीस. दोन वेळचं जेवण. सोमवारी सुट्टी, सोमवारी खानावळच बंद असते, म्हणून तर आमचा सोमवारचा डबा मी रविवारीच आणून ठेवते. भांडी घासायला दुसरी बाई, बाजाराला त्या स्वतः जातात, त्याने फक्त रांधायचं. "आणि शिळं त्याला द्यायचं नाही," त्या म्हणाल्या, "शिळं दिलं तर तो निघून जाईल." हे सांगताना त्यांना यात काही विशेष वाटत नव्हतं.

मी टेबलाशी जाऊन बसले. ताट आलं. मला जेवण गेलं नाही.

घरी येऊन यांना म्हटलं, "लिहून घ्या. तासाला चाळीस. मी पाठवतेय आकडा."

"कुठल्या खात्याकडून?" त्यांनी जरा हसून विचारलं.

"माझ्या."

मग तास किती ते ठरवायला बसलो. भांडण नव्हे, पण भांडणापेक्षा बरं असंही नाही. बाजार धरायचा. निवडणं-टिपणं धरायचं. भांडी धरायची. "कांदा चिरताना तू गुणगुणतेस, तो वेळ धरायचा का?" त्यांनी विचारलं. अगदी मनापासून. मी म्हटलं, "कारखान्यात गुणगुणणाऱ्याचे पैसे कापायचे का?" म्हणाले, "नाही." मग म्हणाले, "उद्या काय करायचं याचा विचार करतेस तो?" मी म्हटलं, "तो नको. तो धरला तर चोवीस तास होतील."

दिवसाचे चार तास निघाले, दिवसाची चार ताटं, म्हणजे ताटामागे एक तास. अडतीस आणि चाळीस. अठ्ठ्याहत्तर.

ते कागदाच्या कडेला काहीतरी गुणाकार मांडू लागले. मला कळलं कसला ते. चाळीस गुणिले चार, गुणिले दिवस, गुणिले वर्षं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "मागचं नको काढू," म्हटलं. पहिल्यांदाच त्यांना अरे-तुरे केलं, तोंडातून गेलं. त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

तर मी हरले आहे. सोमवारी बाई येतील. तीन दिवस झाले, माझी डावी पापणी फडफडते आहे. मी पैज मारली होती आणि सिस्टरांनी शब्द पाळायला शिकवलंय. पण एक मात्र खरं, आज भिंतीवरच्या आरशासमोरून जाताना मी थांबले आणि स्वतःकडे नीट पाहिलं. अठ्ठ्याहत्तरातले चाळीस माझे आहेत. मालापेक्षा जास्त.

तुझी ताई


२ नोव्हेंबर

ठकू,

दुपारचा एक वाजून गेलाय आणि मी बाहेरच्या खोलीत बसून लिहिते आहे.

वसाहतीच्या ऑफिसातल्या बाई सकाळी दहाला आल्या. तरुण, चटपटीत, फाइल अशी की बघत राहावं. तुझ्या भावोजींनी स्वतःच हिशोबाचा कागद वाचून दाखवला. चोरी नाही, लपवालपवी नाही. "घरचं ताट अठ्ठ्याहत्तर. बाहेरचं पंचावन्न." बाई म्हणाल्या, "वा, किती छान काढलंय! आमच्याकडे तर बावन्नच पडेल." आणि टोपण काढून त्यांनी पेन माझ्यासमोर धरलं.

मी हात पुढे केला नाही.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"अगं, पण ठरलं होतं," हे म्हणाले.

"ठरलं होतं."

"मजुरी तूच घालायला लावलीस. नसती घातलीस तर तूच जिंकली असतीस."

"हो."

"मग?"

मग काय, ते मलाही तोंड उघडेपर्यंत ठाऊक नव्हतं. "अठ्ठ्याहत्तरचं ताट आहे हे," मी म्हटलं. "अडतीसचं होतं तेव्हा कोणी विकलं असतं तर मी समजू शकले असते. महाग वस्तू कोणी अशी घाईघाईने विकतं का? मला त्याची किंमत कळायला हवी होती. कळली. शब्द मोडतेय, हेही मला कळतंय. मोडतेय."

बाई एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. "मी नंतर येऊ का?"

"नंतरही नको," मी म्हटलं. "चहा घेणार?" नाही म्हणाल्या. त्यांचंही चुकलं नाही.

दार लागल्यावर हे उभेच राहिले. मला वाटलं आता हिशोब सुरू होईल. पण ते कपाटाकडे बघत बोलले. "मला हिशोबाचं काय पडलंय? मी दूध घेऊन आलो, हाक मारली, तू उत्तर दिलं नाहीस. तू फरशीवर होतीस आणि शेगडी पेटलेली. तुझा पदर शेगडीपासून इतकाच दूर होता." त्यांनी दोन बोटं दाखवली. मग ती बोटं तशीच हवेत राहिली.

सहा महिने हा माणूस ती दोन बोटं खिशात घेऊन हिंडत होता, ठकू.

"मग असं सांगायचं ना," मी म्हटलं. "बिस्किटांसारखं कशाला सांगितलंत?"

"मला दुसरं कुठे येतं?"

मी जवळ गेले. पण माघार घेतली नाही. म्हटलं, "भीती मलाही वाटते. शेगडी पेटली की तुम्ही स्वयंपाकघरात येऊन बसायचं, काम करत. चार दिवस मी रांधीन. दोन दिवस खानावळ. सोमवारी मला सुट्टी."

"आज सोमवार आहे."

"हो."

"आणि मी काय खाऊ?"

"ते तुम्ही बघा."

पायात चपला सरकवून तणतणत बाहेर पडले. दहा मिनिटांत परत. "बंद आहे खानावळ!"

"सोमवारी असते."

"तुला माहीत होतं?"

"महिनाभर दोघंही तिथेच जेवलोय."

दारात उभे राहिले. भूक लागली की त्यांचा चेहरा आपल्या मुलाच्या लहानपणच्या चेहऱ्यासारखा होतो, मी तो बघू शकत नाही, म्हणून मी कागद पुढे ओढला आणि तुला लिहायला बसले. मग चपला काढल्याचा आवाज आला. मग स्वयंपाकघराचं दार.

आता आत अंडी फोडणं चाललंय. दोन फुटली, एक खाली पडलं. "अगं, मीठ कुठेय?" मी इथून सांगितलं, निळ्या झाकणाचा डबा. "तेल किती घालू?" म्हटलं, "बघा." त्यांना "बघा" समजत नाही, त्यांना आकडा लागतो, हे मला माहीत आहे. तरी मी आकडा सांगितला नाही. आता धुराचा वास येतोय. काठावर करपतंय काहीतरी. दोनदा माझे पाय आपोआप उठले, दोन्ही वेळा मी ते परत खाली ठेवले.

घर विकलेलं नाही, हे तुला कळवायचं होतं. तुला यायचं तेव्हा ये, नाही आलीस तरी ते इथेच आहे.

ते पुन्हा हाक मारतायत. "अगं, जरा येतेस का?"

मी बसले आहे, ठकू. अजून बसले आहे.

ताई